रुसक्या विणीची अर्धी खाट

भागाबाई,

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, इतला वरीसनंतर कसाले उकरी ऱ्हायन्यात?" उकरते, कारण परवा जळगावच्या एका दुकानात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली खाट होती आणि दुकानदार तिच्यावर थाप मारून मला सांगत होता, "ताई, ही बोदवडी. जुनं डिझाईन आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला तिथेच दोन शब्द सुनावले, पण त्या बिचाऱ्याला काय कळणार? तो तर तेव्हा जन्मलाही नसेल. म्हणून म्हटलं, आता नीट लिहूनच टाकावं.

फक्त एक अडचण आहे. 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं म्हणालात' असं सांगत बसले, तर मला सारखं वाटत राहणार की तुम्ही मध्ये तोडताय. तुम्ही कोणाला वाक्य पुरं करू दिलंयत कधी? तेव्हा तुम्हाला जरा बाजूला बसवते आणि परक्या बाईची सांगावी तशी ही गोष्ट इतरांना सांगते. त्यात मीही आहे, पण गावात मला जे नाव होतं त्याच नावाने येईन: मास्तरीणबाई. काही चुकलं तर तिथूनच हाक मारा.

तर, शिंदखेड्यापासून सायकलवर जाता येईल अशा एका गावात भागाबाई खाटा विणायची. खाट विणणं हे बाईचं काम नव्हे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. म्हाताऱ्यांनी पारावर बसून दोर ओढायचे आणि बायांनी त्या खाटांवर त्यांची अंथरुणं घालायची, अशी वाटणी होती. भागाबाई या कामात शिरली ती सासऱ्यामुळे. सासरा, म्हणजे आबा, पंचक्रोशीत नावाजलेला विणणारा. त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. नेमकी कोणाच्या तरी लग्नाची खाट अंगणात अर्धी विणून पडलेली. आबांनी नव्या सुनेला समोर बसवलं आणि म्हणाले, "मी दाखाडस, तू वढ."

आता ही सून जन्माची डावखुरी. माहेरी त्यापायी तिने भरपूर मार खाल्लेला. डाव्या हाताने वाढू नको, डाव्या हाताने देवाला फूल वाहू नको, सासरी गेलीस तर नाक कापशील आमचं. सासरी आली तर सासराच डावा झालेला! आबा उरलेल्या डाव्या हाताने दाखवायचे, सून डाव्या हाताने ओढायची. ना कोणी कोणाला सुधारलं, ना कोणाचं नाक कापलं गेलं. लग्नाची खाट वेळेवर गेली.

आबा गेल्यावरही तिने दोर सोडला नाही. साध्या चौकडीचा तिला लवकरच कंटाळा आला. मग तिने चौकडीत चौकडी, तिच्या पोटात आणखी चौकडी अशी वीण काढली आणि सगळ्यात मधल्या चौकडीला शेवटच्या क्षणी असा पीळ दिला, की बाकी सगळ्या चौकड्या उशाकडे तोंड करून आणि ही एकटी पायथ्याकडे. तिचा नवरा झुलालभाऊ वर्षातून चार वाक्यं बोलणारा माणूस. त्याने खाटेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "हाई मधली तुन्यासारखी शे. रुसेल."

त्या दिवसापासून त्या विणीचं नाव रुसकी.

शिंदखेड्याचे कांतीलालशेठ दोर-सुतळीचे व्यापारी. तेच तिला अंबाडीचा दोर द्यायचे आणि तेच तिच्या खाटा अमळनेरच्या बाजाराला लावायचे. अशाच एका बाजारात बोदवडच्या सुकदेव मिस्तरीने दोन रुसक्या खाटा विकत घेतल्या. कांतीलालशेठ खूश, भागाबाईही खूश. पुढची काही वर्षं काही झालं नाही. आणि मग एक दिवस भागाबाईच्या अंगणात एक वरबाप येऊन बसला. मुलाच्या लग्नाला दोन खाटा हव्या होत्या. चहा पिता पिता त्याने विचारलं, "भागाबाई, तुले बोदवडी येस का व?"

"ती काय ऱ्हास?"

"आवो, बोदवडनी! चौकडीमा चौकडी, मधली उलटी. सुकदेव मिस्तरीनी काढेल शे. जळगावले लई नाव शे तिनं."

भागाबाई चुलीपाशी होती. ती उठली, बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, उठा."

"काब्र व?"

"उठा तर खरं. तुम्ही जिच्यावर बसेल शेतस ती देखा."

तो उठला. खाली वाकून बघितलं. आणि त्याचा चेहरा उजळला. "हाईच! हाईच बोदवडी! म्हंजे तुले येस!"

तो वरबाप अर्धा चहा टाकून कसा पळाला, हे गावाला पुढे कितीतरी दिवस भागाबाईची सून प्रमिला नक्कल करून दाखवायची. पण त्या संध्याकाळी भागाबाई जेवली नाही. स्वतःच्या लेकीला कोणी परक्याच्या नावाने हाक मारावी आणि तिने ओ द्यावी, तसं झालं तिला. कोर्टकचेरी कुठे करणार? विणीला काय सातबारा असतो?

नंतर एकोणीसशे एकोणनव्वदच्या दिवाळीत कांतीलालशेठ बातमी घेऊन आले. जळगावला मेहरूणच्या तलावाच्या बाजूला काही प्राध्यापक मंडळींनी एक संस्था काढली होती, गावाकडच्या जुन्या कारागिरीसाठी. त्यांनी आमच्या आणि जळगावच्या, अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या खाटा विणणाऱ्यांचा मेळावा ठरवला होता, जानेवारीत. मैदानावर सगळ्यांनी बसायचं, आपापली वीण सगळ्यांसमोर विणून दाखवायची, कोणाची कोणती ते ती मंडळी नोंदवणार. कांतीलालशेठनी तिचं नाव दिलंही होतं.

"सुकदेव मिस्तरी येनार शे का?" तिचा पहिला प्रश्न.

"तो तर पहिला येणार, भागाबाई. त्याने तर सांगून ठेवलंय, बोदवडी कुठेही अर्धी सोडा, मी डोळे झाकून पुरी करीन."

"मंग मी बी येसू. बठ्ठास्ना म्होरे बसीसन विनसू."

थोड्या दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वर पत्ता: 'श्री. भागाजी झुलाल, खाट कारागीर.' मास्तरीणबाईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला पुरुष केलंय हो यांनी." भागाबाई म्हणाली, "करू द्या. तठे जाईसन मी त्यास्ले बाई व्हयीसन दाखाडसू."

दोन महिने ती हवेत होती. बाभळीची नवी चौकट करून घेतली. चारी खूर पारखून घेतले. दोर असा निवडला की कांतीलालशेठनी हात जोडले, "भागाबाई, माझं सगळं गोदाम उलटं केलंस." एक नमुन्याची खाट आधी घरीच विणून न्यायची आणि दुसरी मैदानावर पहिल्यापासून, असा तिचा बेत होता. नमुन्याच्या खाटेवर बाहेरच्या चौकड्या झाल्या, आतल्या झाल्या. मधली रुसकी तेवढी राहिली, आणि भागाबाईला अन्नाचा वास नकोसा झाला.

आधी तिने कोणाला सांगितलंच नाही. कापूस वेचून येते म्हणून थकवा, थंडी पडलीय म्हणून कणकण, अशी कारणं स्वतःलाच देत बसली. शेवटी प्रमिलाच म्हणाली, "आत्याबाई, तुम्हना डोया हळदना हातनी पुसेल शेतस का?"

आरशात बघितलं. डोळे पिवळे जर्द.

कावीळ. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी पोट दाबलं, डोळे ताणून बघितले आणि सांगितलं: तेल नाही, तिखट नाही, खाटेवरून उठायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही. जळगाव? जळगावचं नाव काढाल तर तिकडेच दवाखान्यात भरती व्हाल.

मग गाव लोटलं. गावात कोणाला कावीळ झाली की प्रत्येक घरात एक धन्वंतरी जन्माला येतो. कोणी उसाचा रस आणला, कोणी मुळ्याचा. कोणी गळ्यात मुळीची माळ घातली, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि पाणी पिवळं झालं म्हणून आनंदाने टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाईंनी या सगळ्यावर भाषण दिलं; ते कोणी ऐकलं नाही. भागाबाई मध्ये पडून. तिच्याच हातच्या खाटेवर.

"मनीच खाट," ती म्हणाली, "अन मालेच बांधी ठेवं."

पण तिला खरा संताप आला तो भिकुबाईचा. भिकुबाई म्हणजे शेजारीण, स्वभावाने गरीब, पण जिभेला उपास नाही. ती पंचांग बघून आली होती. म्हणाली, "भागा, तू जात नही ते बरंच व्हयनं. मेळावाना दिन पंचक शे. पंचकमा खाट विनतस का कधी? देवनीच तुले थांबाडं."

इथे थांबून सांगायला हवं. पंचक म्हणजे महिन्यातले ते पाच दिवस, ज्यांत आमच्याकडे छप्पर शाकारत नाहीत, सरपण गोळा करत नाहीत आणि खाट तर मुळीच विणत नाहीत. विणली तर ती माणूस घेऊन जाते म्हणतात. मी यावर विश्वास ठेवत नाही. पण खाटा विणणारे ठेवतात, आणि मेहरूणच्या विद्वान मंडळींनी कॅलेंडर उघडून फक्त रविवार बघितला होता.

भागाबाई ते ऐकून उशीवरून अर्धी उठली. "देवनी माले थांबाडं? अन सुकदेवले नही? त्याले काय येगळं पंचांग शे?"

"माय, चिडू नको व, पित्त वाढी."

"वाढू दे! पिवळी ते व्हयेलच शे, आते हिरवी व्हसू!"

त्या रात्री तिने ठरवलं की जायचंच. कसं, तेही ठरवलं होतं. सकाळी झुलालभाऊला म्हणाली, "चार मानसं बलाव. माले खाटसकट टेशनवर पोचाडा. मरानंतर नेतसच ना? आते जित्ती नेवा."

झुलालभाऊने मान हलवली. नाही.

मग ती स्वतःच उठली. डोक्याला पदर बांधला, पायात वहाणा घातल्या, अंगणातल्या अर्ध्या खाटेपर्यंत आली. तिला धरून पुढे दोन पावलं गेली आणि बसकन खाली आली. पडली असं ती कधीच म्हणाली नाही. 'बसनू' म्हणाली. प्रमिला ओरडत धावली, झुलालभाऊने तिला उचललं, आणि उचलून आत नेत असताना ती त्याच्या खांद्यावरून त्या खाटेकडे बघत होती. मधला चौकोन रिकामा. दोराचं टोक डावीकडे गुंडाळून ठेवलेलं.

दुपारी मास्तरीणबाई आल्या. त्यांना परीक्षेच्या कामासाठी त्याच रविवारी जळगावला जायचंच होतं. त्या म्हणाल्या, "तुमची खाट मी नेते. तोवर पारावरच्या छगनबाबांकडून मधली चौकडी पुरी करून घेऊ, म्हणजे दाखवायला नीट होईल."

"नही."

"अहो, अर्धी खाट कोण बघणार?"

भागाबाईने डोळे मिटले होते. मग उघडले. पिवळ्या डोळ्यांत एकदम पोरीसारखा खट्याळपणा आला. "सुकदेव मिस्तरी काय बोलना व्हता? कांतीलालशेठ सांगे ते?"

"कुठेही अर्धी सोडा, डोळे झाकून पुरी करीन."

"मंग सोडी ना मी. आर्धीच. बाई, आर्धीच न्या. दोरले कोनी हात लावाना नही. तठे त्यास्ले सांगा, भागानी दिधी शे, ज्यानी वीन आसी त्यानी पुरी करानी. डोया उघडा ठेवीसन बी चाली."

मास्तरीणबाईंनी बी.ए. केलं होतं, बी.एड. केलं होतं, पण अर्धी खाट घेऊन सुरत-भुसावळ पॅसेंजरने प्रवास त्यांनी पहिल्यांदाच केला. झुलालभाऊ बरोबर होता. गार्ड म्हणाला, ही लगेजमध्ये टाका. झुलालभाऊ म्हणाला नही, आणि डब्याच्या दारापाशी खाट उभी करून जळगावपर्यंत तिला धरून उभा राहिला. अमळनेरला एकाने विचारलं, "भाऊ, अर्धीच का?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "अर्धी बोदवडला राहिलीय." तो बराच वेळ विचार करत होता.

आता मेहरूणला काय झालं ते मी सरळ सांगणार नाही, कारण भागाबाईने ते सरळ सांगू दिलं नाही. सोमवारी संध्याकाळी मास्तरीणबाई परत आल्या, त्या थेट तिच्या खाटेपाशी. झुलालभाऊ दारात बसला. भागाबाईच्या हातात उसाच्या रसाचा पेला होता, तो तिने प्रमिलाकडे फेकल्यासारखा दिला.

"खाट कथी शे? काब्र नही आणी?"

"सांगते ना. पहिल्यापासून सांगते."

"पहिलंथून नको. सुकदेव उना व्हता का?"

"आला होता. पांढरा फेटा, नवी कोट-टोपी—"

"फेटा का टोपी?"

"फेटा! ऐका तर. मैदानावर मांडव, चौकटी मांडलेल्या, दोराची गाठोडी. दोन्ही जिल्ह्यांतून विणणारे आलेले. सगळे आपापल्या चौकटीसमोर बसलेले. आणि हात मांडीवर."

"हात मांडीवर? काब्र?"

"पंचक!"

भागाबाईने तोंडावर हात ठेवला.

"एकही जण हात लावीना. प्राध्यापक मंडळी इकडून तिकडे धावतायत. विनंत्या करतायत. एक म्हातारा म्हणाला, साहेब, तुमच्या घरात कोणी म्हातारं आहे का? आहे म्हणाले. मग म्हातारा म्हणाला, त्याचं वाईट व्हावं असं वाटत असेल तर विणतो. त्यानंतर विनंत्या थांबल्या."

प्रमिला पदर तोंडात कोंबून हसत होती. भागाबाई हसली नाही. "फुडे."

"मग यांच्याकडे कोणाचं तरी लक्ष गेलं." मास्तरीणबाईंनी दाराकडे बोट केलं. "हे आपल्या अर्ध्या खाटेला धरून उभे. ते लोक हातात फूल घेऊन आले आणि यांना म्हणाले, या या, भागाजी."

भागाबाईने नवऱ्याकडे बघितलं. "अन तू काय बोलना?"

झुलालभाऊने घसा साफ केला. "बोलनू, भागा घर शे. मी तिना हमाल शे."

वर्षातल्या चार वाक्यांतली दोन त्याने तिथे खर्च केली होती.  भागाबाईने गोधडीखाली पाय हलवले.

"फुडे, बाई."

"पुढे असं की, ती खाट पंचकाच्या आधीच सुरू झालेली. म्हातारे एकमेकांत बोलले. नवी धरायची नाही, पण धरलेली पुरी करायला पंचक आड येत नाही, असं ठरलं. म्हणजे सगळ्या मैदानावर विणता येण्यासारखी खाट एकच."

"मनी."

"तुमची. मी तुमचा निरोप सांगितला. मोठ्याने सांगितला, वर्गात सांगते तसा. सगळे सुकदेव मिस्तरीकडे बघायला लागले. कोणीतरी ओरडलं, मिस्तरी, बोदवडीच आहे, बसा! तो हसत हसत बसला. फेटा काढून बाजूला ठेवला."

"कोनती बाजूले बसना? उशाना का पायथाना?"

"उजव्या बाजूला."

भागाबाई उशीला टेकली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट टेकली. "मंग सांगानी गरज नही."

"मी सांगणारच, मी तिथे होते. त्याने टोक घेतलं. डावीकडचं टोक उजवीकडे आणलं, वेढा दिला, ओढला. हात कसलेला आहे हो त्याचा, खोटं कशाला बोलू. पण दोन वेढ्यांनंतर तुमच्या आतल्या चौकडीवर त्याची चौकडी चढली. त्याने सोडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसली, पण बसली ती उशाकडे तोंड करून. बाकीच्यांसारखीच. एक म्हातारा म्हणाला, मिस्तरी, तुम्ही हिची समजूत काढलीत! आणि सगळा मांडव हसला."

आता यातली मेख सोपी आहे. सुकदेवने ती खाट पहिल्या वेढ्यापासून स्वतः विणली असती तर त्याला येत होती. त्याने ती वीण उजव्या हाताची करून घेतली होती. पण डाव्या हाताने अर्ध्यावर सोडलेली वीण उजव्याला पुढे नेता येत नाही. रुसकी मान वळवते ती डावीकडून. उजवीकडून ओढली की ती निमूट सरळ बसते, शहाण्या सुनेसारखी.

"मंग?" भागाबाईने विचारलं. "काय बोलना तो?"

"फेटा उचलून डोक्यावर ठेवला. मग उठला. मला वाटलं आता भांडणार. तर म्हणाला, 'हे खाट माह्या हातची नाही. हे डाव्या हाताची आहे. मी अमयनेरच्या बाजारातून दोन खाटी घेतल्या व्हत्या, त्या याच हाताच्या व्हत्या. त्या पाहून शिकलो.' सगळ्यांसमोर म्हणाला. आणि त्याने विचारलं, हे भागाजी कोण?"

"तुम्ही सांगं ना?"

"सांगितलं. बाई आहे म्हटलं. कावीळ झालीय म्हटलं, नाहीतर आज तुमची धडगत नव्हती."

भागाबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. मास्तरीणबाईंना वाटलं, आता रडेल. पण तिने विचारलं ते भलतंच.

"मनी दोरी. त्यानी ती कापी, का सोडी लिधी?"

"म्हणजे?"

"चुकी व्हयनी ते दोर कापी टाकतस काही लोके. झाकाले."

"नाही हो. वेढा वेढा सोडवला. होता तसा गुंडाळून डावीकडे ठेवला."

"मंग मानूस शे," भागाबाई म्हणाली. आणि प्रमिलाला म्हणाली, "आन तो रस."

मेळाव्याचा असा निकाल लागला. म्हणजे भागाबाईच्या घरात लागला. मेहरूणच्या संस्थेत लागायला वेळ होता. त्यांनी ती अर्धी खाट मागून घेतली होती, त्यांच्या दालनात ठेवायला. आणि बरी झाल्यावर तुम्हीच येऊन पुरी करा, असा निरोप दिला होता. भागाबाई उन्हाळ्यात बरी झाली. पहिल्या दिवशी खोबऱ्याच्या चटणीबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली आणि वर झणझणीत ठेचा. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यानंतर मास्तरीणबाई जळगावला गेल्या तेव्हा त्यांनी दालनात डोकावून बघितलं. खाट भिंतीशी उभी होती. तिच्यावर सुबक अक्षरांत पाटी: 'बोदवडी वीण. अपूर्ण.'

तिथे बसलेल्या तरुणाशी मास्तरीणबाईंचं जे व्हायचं ते झालं. तो म्हणाला, बाई, तुमचं बरोबर असेल, पण बाजारात सगळे बोदवडीच म्हणतात, लोकांना कळायला हवं ना? भागाबाईला हे सांगितलं तेव्हा तिने हातातला दोर खाली ठेवला.

"मंग राहू दे आर्धी."

"अहो, पुरी करून या, म्हणजे निदान—"

"पुरी करी ते कोन इचारी, 'हाई कोनी शे?' खाट म्हनीसन बसतीन तिच्यावर. आर्धी शे तवलग जो यी तो इचारी, काब्र आर्धी? अन त्यास्ले सांगनं पडी." ती पुन्हा दोर ओढायला लागली. "पाटी बदला म्हना. मंग येसू."

पाटी बदलली नाही. सुकदेव मिस्तरीने मात्र एकदा बोदवडहून कांतीलालशेठमार्फत निरोप धाडला, की तुम्ही मेहरूणला याल त्या दिवशी मी समोर दोर धरायला येईन. त्यावर भागाबाईने उलट निरोप धाडला, "ये म्हना. डावा हात धुईसन ये."

पुढे बऱ्याच वर्षांनी, सत्त्याण्णवच्या सुमाराला, मास्तरीणबाई पुन्हा त्या दालनात गेल्या. संस्था निम्मी बंद पडली होती, खाट तिथेच उभी होती आणि पाटीला वाळवी लागून ती खाली पडली होती. खाटेला आता कसलंच नाव नव्हतं. हे ऐकून भागाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "वाळवीले समजनं, मास्तरले नही!" म्हणाली. "चाला मंग. पाटी गयी, आते जाऊत." पोळा झाला की जायचं ठरलं. पॅसेंजरने जायचं, खाट पुरी करायची, तिच्यावर बसून डबा खायचा आणि परत यायचं. रुसकीपुरता दोर तिने कांतीलालशेठकडून निवडून आणला आणि तुमच्याकडे ठेवा म्हणून मास्तरीणबाईंच्या घरी आणून दिला. घरी ठेवला तर प्रमिला त्याने म्हैस बांधेल म्हणाली.

पोळ्याला भागाबाई नव्हती.

तेव्हा ऐका, भागाबाई. आपलं मेहरूणला जायचं राहिलं. विणणारी नसताना नुसता दोर घेऊन मी तिथे जाऊन काय करू? मला गाठही नीट मारता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. दोर माझ्याकडे खुंटीला आहे, डावीकडून गुंडाळलेला, तुम्ही दिलात तसा. माझी सून दर दिवाळीला विचारते, आई, यावर कपडे वाळत घालू का? मी नाही म्हणते. मग ती विचारते, का? आणि मग तिला पहिल्यापासून सांगावं लागतं.